ल्यूबाने अडवलेला उतार

कूट्नीच्या बर्फाळ डोंगरांतल्या त्या गावात अर्ध्या लोकांना ल्यूबा पेरेपेल्किनने लहानपणी शाळेच्या बसमधून नेलं-आणलं होतं. त्यामुळे मिशा फुटलेले गडीही ती दुकानात शिरली की पायताण नीट करून उभे राहायचे. बाई ठेंगणी, खांदे रुंद, आवाज असा की मागच्या बाकापर्यंत पोचावा. पाच दिवस बस, शनिवारी स्नोमोबाईल, बर्फावर रबरी पट्ट्याने पळणारी गाडी. नवरा गेल्यानंतर तिने त्याची जुनी गाडी विकून स्वतःसाठी नवी, लांब पट्ट्याची घेतली, तेव्हा थोरली बहीण वेरा म्हणाली होती, की या वयात बायका लोकर विणतात. ल्यूबाने गाडी लाल रंगाची निवडली, एवढंच उत्तर दिलं.

मग तो हिवाळा आला. वर कुणीतरी उतार चढत होतं आणि ल्यूबा खाली, अगदी पायथ्याशी, गाडी लावून सँडविच खात बसली होती. वरचा बर्फ एकदम सुटला. तिला उठायलाही मिळालं नाही. बर्फ थांबला तेव्हा तो भिजवलेल्या सिमेंटसारखा अंगाभोवती घट्ट बसला होता, करंगळीसुद्धा हलेना. भीती नंतर वाटली. आधी आला तो राग, स्वतःचाच. आयुष्यभर पोरांना ओरडत आले, की बससमोर उभं राहू नका, आणि मी स्वतः कुठे बसले?

तिला बाहेर काढलं तिच्याबरोबर डोंगरात आलेल्या एर्नी टॉल्मनने. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. तिच्या छातीवरच्या बीकनचा, गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणाऱ्या यंत्राचा, आवाज पकडत तो नेमका तिच्या वर आला, सळई खुपसून जागा धरली आणि वेड्यासारखं फावडं मारत सुटला. ल्यूबा निळी पडली होती. गळपट्टीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या.

हाड जुळेपर्यंत सगळं गाव सल्ला द्यायला येऊन गेलं. वेरा रोज बोर्श्टचं भांडं घेऊन यायची आणि सूप वाढता वाढता गाडी विकायचा विषय काढायची. शेवटी ल्यूबाने चमचा खाली ठेवला.

"वेरा, मला डोंगराने गाडलं नाही. मी चुकीच्या जागी बसले म्हणून गाडले गेले. जागा बदलीन. डोंगर नाही सोडायचे."

त्या पानगळीत ती हिमस्खलनाच्या वर्गाला पुन्हा पहिल्यापासून बसली, पहिल्या रांगेत, नवशिक्यांबरोबर. बर्फ पडला तशी गाडी काढली. पहिल्या दिवशी ती रानातल्या सपाट वाटेवरूनच फिरून परत आली.

फेब्रुवारीतला एक शनिवार. आठवडाभर वादळ होऊन आकाश लख्ख उघडलं होतं, आणि असं ऊन पडलं की सगळ्यांचीच डोकी फिरतात. ल्यूबा आणि एर्नीबरोबर तिच्याच बसमधून शाळेत गेलेला ब्रॉक डेनहॉफ होता, आणि त्याचे दोन मित्र. ब्रॉक चांगला चालवायचा, हे ल्यूबाही मान्य करायची. त्याची नजर समोरच्या मोठ्या, वाटीसारख्या उतारावर होती. तिथे जायला खडक आणि फरची दाट झाडी यांच्यामधून एक अरुंद फट होती.

ल्यूबाने त्याच दिशेला तोंड असलेल्या एका छोट्या, सुरक्षित चढावर बर्फ तपासायला खड्डा खणला. बर्फाचा उभा खांब कापला, त्यावर फावड्याचं पातं ठेवून नुसत्या मनगटाने थापट्या मारल्या. वरची जाड लादी कपाटाचा खण ओढावा तशी पुढे सरकून आली. खाली जुन्या गोठलेल्या दवाचे पिसांसारखे चकचकीत कण होते. त्यांच्यावर सगळं नवं ओझं नुसतं टेकलं होतं.

तिने फावडं झटकलं, गाडी त्या फटीत आडवी लावली, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि गाडीवर बसली.

ब्रॉकने हेल्मेट काढलं. "बाई, बस थांबवून रस्ता अडवायची सवय अजून जात नाही?"

"लादी सुटली, ब्रॉक. तू बघितलीस."

"आणि वर ते गाडीचे माग? काल कुणीतरी चढलंय. त्यांना काही झालं?"

"त्यांचं नशीब त्यांनी वापरलं. तुझ्यासाठी मागे ठेवलं नसेल."

मित्र हसले. ब्रॉकला ते झोंबलं. "खरं सांगा ना. तेव्हापासून तुमची टरकलीये."

"टरकलीये," ल्यूबा म्हणाली. "पण टरकून घरी नाही बसले. इथे बसलेय, तुझ्या वाटेत."

ब्रॉक गोठलेल्या ओढ्याच्या कडेने, लांबचा वळसा घालून, झाडांतून त्याच उताराकडे निघाला. त्याला ती थांबवू शकली नाही. पण मित्र मागोमाग निघाले तशी ती त्यांच्या आडवी उभी राहिली. उतारावर एका वेळी एकच माणूस, आणि पायथ्याशी कुणीच नाही, ती गरजली. बसमधला तो आवाज ऐकून दोघे गुपचूप मागे, उंचवट्यावर येऊन थांबले. ल्यूबाने पाठीवरचं फावडं काढून हातात घेतलं आणि वर चढणाऱ्या त्या ठिपक्यावरची नजर हलू दिली नाही.

उतार सुटला नाही. ब्रॉक बराच वर गेला, झोकात वळला आणि ओरडत खाली आला.

नंतर लाकडी खोपीतल्या शेकोटीपाशी त्याने याची गोष्ट रंगवून सांगितली. बसवाल्या बाईची नक्कल केली, लोक पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यात पेट्रोल पंपावरही कुणीतरी तिला विचारलं, की आज रस्ता चालू आहे का. एर्नी चिडला, ल्यूबा नाही. ती म्हणाली, हसू देत, हसायला जिवंत आहेत ना. पुढच्या शनिवारी तिने पुन्हा खड्डा खणला, लादी पुन्हा सुटली, आणि ती पुन्हा त्या फटीत आडवी बसली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. शिव्या खाल्ल्या. ब्रॉकने दुसरी दरी धरली. त्याच्या मित्रांपैकी एक मात्र तिच्या शेजारी गाडी लावून बसायला लागला.

मार्चच्या शेवटाला थंडी आणि ऊन आलटून पालटून येत बर्फाचे थर एकमेकांत घट्ट बसत गेले. एका सकाळी ल्यूबाने खांबावर मनगटाने थापटलं, कोपराने थापटलं, मग खांद्यापासून हात उचलून मारलं. खांब हलला नाही. शेजारी अजून एक कापला, तोही तसाच. तिने एर्नीकडे पाहिलं. एर्नीने होकारार्थी मान हलवली आणि बाकीच्यांना घेऊन बाजूच्या उंचवट्यावर गेला.

ल्यूबाने इंजिन सुरू केलं. लाल गाडी फटीतून सुटली, वाटीच्या तळाशी आली आणि सरळ वर लागली. कुठे थांबली नाही. त्या दिवशी ब्रॉक जिथून वळला होता, ती जागा मागे पडली, तरी ती चढतच राहिली, अगदी कड्याच्या कपाळाखालपर्यंत. तिथून तिने गाडी वळवली, गाडीवरच उभी राहिली आणि मोकळ्या आवाजात, कुणाला उद्देशून कुणास ठाऊक, एक सणसणीत शिवी हासडली. ती खालपर्यंत ऐकू आली.