टाके माझे, खुर्ची साहेबाची

माझ्या पोटातली गाठ निघाली आणि त्याच महिन्यात आमच्या घरात एक खुर्ची आली. दोन्हींपैकी जास्त त्रास खुर्चीनं दिला.

गाठ डॉक्टरीणबाईंच्या मते मोसंबीएवढी होती. हे त्यांनी नगरच्या दवाखान्यात मला स्वतः सांगितलं. पण एस.टी. आमच्या पारनेरकडच्या गावाला पोचेपर्यंत तिचा नारळ झाला होता, आणि आत्याबाईंनी (म्हणजे माझ्या सासूबाईंनी) ती बातमी विहिरीवर नेली तेव्हा तिचा भोपळा झाला. पुढं तिला केस फुटले. "दात बी हुते म्हनं!" असं आत्याबाई माझ्याच उशाशी बसून सांगायच्या आणि मी मान हलवायची, कारण बोललं की टाके ओढायचे. मला बघायला येणाऱ्या बायका माझ्याकडे कमी आणि पलंगाखाली जास्त बघायच्या. गाठ घरी आणली असेल अशी त्यांना आशा होती!

खरी गंमत डॉक्टरीणबाईंनी केली. निघताना त्या म्हणाल्या, "तीन महिने वजन उचलायचं नाही, खाली बसायचं नाही आणि उकिडवं तर मुळीच बसायचं नाही."

मी म्हटलं, "बाई, मग मी जगायचं कसं?"

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे स्वयंपाक उकिडवं बसून, भांडी उकिडवं बसून, दळण निवडणं खाली बसून, चुगल्या खाली बसून. आणि सकाळचं जे कार्य, ते गावाबाहेर, रानात, आडोशाला. त्यातून ते दुष्काळाचं वर्ष. रानात उभं पीक म्हणून नव्हतं, त्यामुळे आडोसाही नव्हता. एका बाभळीमागं सगळ्या आळीनं जायचं, आणि ती बाभळही शेळ्यांनी निम्मी खाल्लेली!

आमचे हे भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकून होते. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे. डॉक्टरीणबाईंचं ऐकून ते नुसतं "बघतो" म्हणाले. ते "बघतो" म्हणाले की काही होत नाही असा माझा अनुभव. पण पुढच्याच शनिवारी एस.टी.च्या टपावर एक खुर्ची आली.

काय सांगू तिचा थाट! सागवानी, पाठीला वेताची जाळी, हातांवर नक्षी, बसायला हिरव्या रेक्झिनची गादी. कोणे एके काळच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातलं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यातून ह्यांनी ती घेतली. दोन गड्यांनी ती खांद्यावरून गावातून मिरवत आणली. पाराजवळ सरपंच उठून उभे राहिले. न्हाव्यानं तर घरापर्यंत येऊन विचारलं, "वैनी, अमावस्या सोडून रोज द्या की मला. दाढीला लई बेस व्हईल!"

सगळे गेल्यावर ह्यांनी दार लावलं आणि गादी वर उचलली. गादी म्हणजे झाकण होतं. झाकणाखाली गोल भोक होतं. भोकाखाली कपाट, आणि ह्यांच्या पिशवीतून निघालं एक निळ्या काठाचं पांढरंशुभ्र चिनी मातीच्या मुलाम्याचं भांडं.

"साहेब लोक ह्याच्यावर बसतात," हे खाली बघत म्हणाले.

"घरात?"

"घरात."

"मी मेले तरी बसणार नाही!" असं मी जोरात म्हटलं, आणि टाका असा ओढला गेला की पुढचं "समजलं का?" आतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी काठी घेऊन रानात निघाले. बाभळीपर्यंत पोचले. तिथं उभी राहिले. नुसती उभीच राहिले! खाली जाता येईना, आणि गेलेच असते तर वर आणायला चार माणसं बोलवावी लागली असती. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका "काय वैनी, बरं हाय का?" विचारत होत्या आणि मी "हवा खातेय" म्हणत होते. शेवटी परत आले आणि निमूटपणे साहेबाच्या खुर्चीत बसले. ह्यांनी काही म्हटलं असतं तर मी काठी फेकली असती.

अडचण आत्याबाईंची होती. घराच्या भिंतीच्या आत असलं काही होतंय हे त्यांना कळलं असतं, तर खुर्ची, मी आणि माझे टाके, तिघांनाही त्यांनी उकिरड्यावर नेऊन ठेवलं असतं. म्हणून खुर्ची मागच्या खोलीत ठेवली, दाराला कडी घातली, आणि ही गोष्ट तिघांनाच माहीत होती. मला, ह्यांना आणि शालूला.

शालू माझी नणंद. वयात आलेली, उंच, हसरी. दोन ठिकाणांहून तिला नकार आले होते, एकदा उंचीवरून आणि एकदा रंगावरून. माझं ते भांडं ती रोज पहाटे पदराखाली झाकून न्यायची, राखेनं घासून, फिनेल टाकून आणायची. पाण्याची इतकी वानवा, पण त्या भांड्याला तिनं कधी पाणी कमी पडू दिलं नाही. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. दाराबाहेर उभी राहून हळूच विचारायची, "वहिनी, झालं का?" सख्ख्या बहिणीनं केलं नसतं ते तिनं केलं. मला आत बसल्या बसल्या रडू यायचं, आणि रडलं की टाके ओढायचे, म्हणून मी रडायचीही नाही.

आत्याबाईंना एवढंच दिसत होतं की सून खुर्चीत बसते.

"सासू भुईवर आन सून खुर्चीत!" त्या ओसरीवरून ऐकवायच्या. "माजी सासू आली की मी दाराआड हुभी ऱ्हायची. आन ही बगा! दार लावून कलेक्टरावानी बसती!"

"आत्याबाई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग दार कशाला लावाया सांगितलंय?"

मी टाका ओढल्याचं निमित्त करून कण्हायला लागले.

अशात राहुरीकडचं स्थळ आलं. मुलगा राहुरीला शेतकी खात्यात नोकरीला, नाव दिनकर. मावसबहिणीच्या लग्नात शालूनं त्याला वाढताना बघितलं होतं, आणि तेव्हापासून ती भाकऱ्या करपवत होती. स्थळ हातचं जाऊ नये म्हणून घरातल्या प्रत्येकानं आपापल्या परीनं तयारी केली. ह्यांनी पोहे आणले. मी पलंगावर पडून सूचना केल्या. आणि आत्याबाईंनी, मी दुपारी जरा डोळा लावला तेवढ्यात, मागच्या खोलीची कडी काढली!

मला जाग आली ती ओसरीवरच्या आवाजानं.

"बसा, बसा! ह्या खुर्चीत बसा, आबा. साहेबाची हाय!"

दाराच्या फटीतून बघितलं तर काय! मुलाचे वडील, आबा, चांगला धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून कण्हत कण्हत त्या झाकणावर टेकत होते.

"आगाय्या! गुडगं गेल्यात बगा माजं," आबा म्हणाले. मग मागं रेलले. "वा! काय आराम हाय!"

आमचे हे भिंतीला टेकून आढ्याकडे बघत होते. तोंडाचा रंग त्या भांड्यासारखा झालेला. शालू पोह्यांच्या बशा घेऊन खाली मान घालून उभी, आणि बशा नुसत्या वाजत होत्या. दिनकर बिचारा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला होता.

"दवाखान्यावानी वास येतुया," आबा म्हणाले.

"सुनंचं आप्रेशन झालंय न्हवं!" आत्याबाई खुलल्या. "भोपळ्याएवडी गाठ! दात हुते!"

"आन ह्ये खाली दार कसलं?"

"साहेब तेच्यात पानसुपारी ठिवायचा," आत्याबाईंनी ठोकून दिलं. (हा शोध त्यांचा स्वतःचा!) "शालू, पोहं ऱ्हाऊ दे. आदी पानं आन."

शालू हलेना. तेव्हा आत्याबाई स्वतः उठल्या, आत गेल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं घेऊन आल्या. कशात? त्या निळ्या काठाच्या पांढऱ्याशुभ्र भांड्यात! सकाळी शालूनं ते मागच्या दारी उन्हात पालथं घातलं होतं. इतकं सुरेख भांडं सुनेनं आपल्यापासून लपवून ठेवलं, ह्याचा आत्याबाईंना रागही आला होता.

आता बघा. मी गप्प बसले तर पाहुणे त्यातलं पान खाणार. बोलले तर लग्न मोडणार, आणि शालूला तिसरा नकार येणार तो माझ्या बुडाखालच्या खुर्चीवरून! पण आबांनी पान उचललं. चुना लावला. सुपारी मागितली.

मी पोट दोन्ही हातांनी धरलं आणि ओसरीवर आले. सुनेनं पाहुण्यांपुढं यायचं नसतं. मी आले. पदर डोक्यावर होता की नव्हता, देव जाणे.

"आबा, पान खाऊ नका!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुमन!" आत्याबाई ओरडल्या. "याड लागलं का तुला?"

"आणि खुर्चीतून उठा."

"अगं, पाव्हनं बसल्यात!"

"म्हणूनच उठा म्हणतेय."

आबा उठले. मी झाकण उचललं. एकदा सुरुवात केल्यावर मला कोण थांबवणार? मी सगळं सांगितलं. उकिडवं बसता येत नाही हे सांगितलं, बाभळ सांगितली, साहेब तिथं पानसुपारी ठेवत नव्हता तर काय करत होता तेही सांगितलं, आणि पानाचं भांडं कुठलं ते बोटानं दाखवलं. आबांच्या हातातलं पान गळून पडलं. आत्याबाई मटकन खाली बसल्या. आमचे हे आढ्याकडे इतके एकटक बघत होते की दिनकरनंही एकदा वर बघून घेतलं.

आबा वाकून भोकात बघत राहिले. बराच वेळ!

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "घरात बसून?"

"घरात बसून."

"गुडगं न वाकवता?"

"न वाकवता."

आबांचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही! "पोरी, दोन गड्यांच्या खांद्याला धरून जातुया मी रानात. पाटील मानूस मी! गडी तोंड फिरवून हुबं ऱ्हात्यात, आन मी..." त्यांनी फेट्याच्या शेवानं नाक पुसलं. "ह्ये भांडं कोन धुतं?"

"शालू. रोज. कुणाला कळू न देता."

आबांनी शालूकडे पाहिलं. "पोरगी पसंत! आमास्नी हुंडा नगं, मानपान नगं. पोरगी आन ही खुर्ची द्या. माजी बी सोय व्हईल."

सगळ्यांचे चेहरे उजळले. आत्याबाई तर अर्ध्या उठल्याही. पण माझं डोकं फिरलं. शालूनं माझं भांडं घासलं ते मायेनं घासलं. ते काय तिच्या नशिबाला बांधून द्यायचं?

"चालणार नाही," मी म्हटलं.

"सुमन, गप!" आत्याबाई.

"नाही गप बसत. पोरगी सून म्हणून येईल, खुर्चीबरोबर येणार नाही. भांडं तुमच्या मुलानं धुवायचं. कबूल असेल तर सुपारी फोडा, नाहीतर पोहे खा आणि जा!"

शालूनं डोळे मिटून घेतले होते. तिचं सुख मी माझ्या तोंडानं उधळून लावलं असं वाटून मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

तेव्हा दिनकर पहिल्यांदा बोलला.

"मी धुईन," तो म्हणाला. आणि शालूकडे बघून पुन्हा म्हणाला, "बापाचं हाय. मीच धुईन."

शालूच्या हातातल्या बशा वाजायच्या थांबल्या.

सुपारी फुटली. आबा खुर्ची लगेच टेम्पोत घालायला निघाले होते, पण माझे टाके अजून कच्चे होते. "पोरगी आज न्या, खुर्ची आत्ता मिळणार नाही," असं मी बजावलं. त्यामुळे शालूच्या लग्नाची तारीख भटजींनी काढली नाही, डॉक्टरीणबाईंनी काढली. मी कधी खाली बसू शकेन ते विचारून त्या हिशेबानं मुहूर्त धरला.

लग्न साधंच झालं. फोटोवाला नगरहून आला. त्यानं अंगणात बरोबर मधे ती खुर्ची ठेवली आणि म्हणाला, "घरातल्या मोठ्या बाईंनी इथं बसा."

"मी?" आत्याबाई चार पावलं मागं सरकल्या. "मी मेले तरी तेच्यावर बसायची न्हाई! सुमन, तूच बस गं."

अशा रीतीनं सासूच्या तोंडच्या परवानगीनं, सगळ्या वऱ्हाडासमोर, मी खुर्चीत बसले. सासू शेजारी उभी!

तो फोटो आजही आमच्या ओसरीवर आहे. नऊवारी, नथ, दोन्ही हात नक्षीवर, मान ताठ. नातवंडं म्हणतात, "आजी, काय रुबाब आहे तुझा! अगदी राणी!" मीही हसून मान डोलावते. फक्त शालू माहेरी आली की आधी त्या फोटोपुढं उभी राहते, इकडं तिकडं बघते आणि हळूच विचारते, "वहिनी, झालं का?"