पाहून आले का?

बाई आधी दौतीवर पंजा ठेवायच्या आणि मग विचारायच्या, "पाहून आले का?"

"काल पाह्यलं होतं, बाई."

"मंग कालच लिहायचं होतं."

मी टाक ठेवून उठायचो. वर्ध्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी कारकून होतो, त्या मुख्य नर्स. कोण चालतं, कोणाला भरवावं लागतं, हे लिहिणं माझं काम. माझं अक्षर मोत्यासारखं, असं माझी आई म्हणे. दुसरं कोणी म्हटल्याचं तुमच्या कानी आलं तर कळवा. "अक्षर पाहून म्हातारा बरा होत नाई," बाई म्हणायच्या.

वडनेरचे एक आजोबा होते. पाय लटपटत, तरी रोज भिंत धरून फाटकापर्यंत जायचे. गावाकडचं कोणी रस्त्यानं जाताना दिसलं तर दिसलं. भिंत संपली की फाटकाआधीच कोसळायचे. मी पाहून आलो आणि लिहिलं, 'पडून राह्यले.'

छप्पन साली आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा आश्रमाला पुण्याचे चिटणीस मिळाले. त्यांनी नोंद वाचली आणि सांगितलं, यांना मागच्या खोलीत हलवा. ती खोली अंथरुणाला खिळलेल्यांची. तिथून फाटक दिसत नसे.

"मले काऊन तिकडे?" आजोबांनी एवढंच विचारलं.

बाईंनी चिटणिसांच्या दौतीवर पंजा ठेवला. "पाहून आले का, साहेब?"

"तुमचीच नोंद आहे. पडून राहिले."

बाई त्यांना घेऊन गेल्या. मागोमाग मी. खाट रिकामी. आजोबा फाटकाशी, गुडघ्यांना माती.

"आजोबा, तुम्ही पडून असता ना?" चिटणिसांनी विचारलं.

"पडूनच राह्यलो न, बापा. आत्ता इथंच पडलो."

आमच्याकडे 'पडून राह्यले' म्हणजे पडताहेत. पुण्यात म्हणजे निजलेले. चिटणीस माझ्याकडे पाहू लागले, मी चपलेकडे.

"मराठी दोघांचंही बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "आता म्हातारा पडणार नाई ते पाहू."

भिंतीपासून फाटकापर्यंत बांबूचा कठडा झाला. ठोकताना एक टोक स्वतः चिटणिसांनी धरलं. आजोबा मागच्या खोलीत गेले नाहीत. पुढची नोंद मी लिहिली, 'चालून राह्यले.'

"हे पुण्यात काय समजतील?" बाईंनी विचारलं. मी खोडून 'चालतात' केलं.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा आश्रमात गेलो. कठडा आहे, बांबू नवे, पण हात लागून गुळगुळीत झालेले. कचेरीत नवा कारकून भराभर लिहीत होता. दौत नव्हतीच, म्हणून माझा पंजा त्याच्या कागदावर पडला.

"काय झालं, काका?"

"काही नाई. पाहून आला का?"

तो थोडा रागावला. मग पेनाला टोपण लावून उठला.