आईच्या पसंतीचं पुस्तक

पुस्तक निवडावं ते आमच्या वाचनालयातल्या गोधडीवाल्या सभासदांनी. माझी उभी हयात पुस्तकांच्या कपाटांमागं गेली. जाडी बघून कादंबरी नेणारे वकील मी पाहिले, शेवटचं पान आधी वाचून खून कुणी केला ते मोठ्यानं सांगणारे प्राध्यापक पाहिले. पण पुस्तकाची पारख म्हणाल तर या एका माणसाचीच. बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाभोवती फिरावं तसे ते टेबलावरच्या पुस्तकाभोवती फिरायचे. कागदावरून बोट फिरवायचे, वास घ्यायचे, एकेक चित्र उजेडात धरून बघायचे, आणि एवढं करून पुन्हा कपाटात ठेवायचे. गंमत अशी, की स्वतःसाठी त्यांनी एकही पुस्तक नेलं नव्हतं. न्यायचे ती सगळी आईसाठी. आणि त्यांची आई दुष्काळात वारली होती.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं असतं तर मी त्यांना सभासद करून घेतलं असतं की नाही, शंकाच आहे. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादहून दप्तरांचे ट्रक येत होते, रिकामी खोली दिसली की तिच्यावर कुठल्यातरी खात्याची पाटी लागत होती, आणि गाव एकदम छाती काढून चालायला लागलं होतं. आमचं वाचनालयही जिल्ह्याचं झालं, म्हणजे पाटी नवी आणि छत तेच गळकं. जिल्ह्याला शोभतील म्हणून पुस्तकांची काही खोकी मात्र आली. ती कुणी निवडली होती देव जाणे! प्यायच्या पाण्यावरून नळावर केस ओढले जायचे त्या गावात मत्स्यपालनाची पुस्तकं आली. शिवणकाम-भरतकामाची आली. आणि परदेशातल्या बायकांनी केलेल्या गोधड्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, पानोपानी रंगीत चित्रं असलेलं. हे कोण नेणार म्हणून मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात हे गृहस्थ दारात चपला काढून आत आले. सडपातळ, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला टेरिलीनचा सदरा, नव्या जिल्हा कचेरीत कारकून.

"गोधड्यांवरलं काही हाय का, सर?"

"आहे. कुणासाठी?"

"आईसाठी."

"वाचतात का त्या?"

"न्हाई. चितरं बघती."

मला कौतुक वाटलं. त्यांनी दोन-तीन पुस्तकं नेली आणि परत आणली. दर वेळी तक्रार एकच, आईला पसंत नाही. एका पुस्तकातले टाके म्हणे फार बारीक, नुसता नखरा. दुसऱ्यातल्या गोधड्यांवर फुलं इतकी, की अंगावर घेतली तर माणसाला मुंग्या डसतील. शेवटी मी वैतागलो. माझा स्वभाव तसा तापटच. म्हटलं, "अहो, त्यांनाच घेऊन या एकदा. स्वतः बघून काय ते ठरवतील."

"ती कशी येईल, सर?" ते अगदी सरळ आवाजात म्हणाले. "ती वारली."

वाचनालयात दुपारची सामसूम होती. वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसलेले एक पेन्शनर हळूच उठून बाहेर गेले.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवक-जावकची पत्रं लावावीत तसं, एकापुढं एक. गाव हदगावकडचं. दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर होती. कामावरच्या बायकांच्या लुगड्यांचे जे जे तुकडे निकामी व्हायचे ते तिनं मागून घेतले आणि लेकासाठी गोधडी धरली. लेक नांदेडला बोर्डिंगात शिकत होता. पाऊस पडायच्या आधीच ती तापानं गेली. निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात एक पोतं होतं, त्यात ती अर्धी गोधडी, सुई तशीच टोचलेली. त्यांनी ती ट्रंकेत घातली आणि नोकरीच्या निमित्तानं गावोगाव नेली, पण कधी उलगडली नाही. लातूरला स्वतःची भाड्याची खोली मिळाली तेव्हा ऊन द्यायला म्हणून पहिल्यांदा जमिनीवर पसरली आणि कुलूप लावून ते कचेरीत गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर टाक्यांची एक ओळ जास्त.

"म्हणजे भूत?" मी विचारलं.

ते दुखावले. "भूतबित आमच्यात न्हाई, सर. आमच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला तवाच ते सगळं सोडलं. ही आई हाय."

"मग रात्री दिसतात का तुम्हाला?"

"रातच्याला ती कशाला येईल? तिला दिव्यात दिसत न्हाई. जेवणं झाल्यावर दुपारच्याला बसती."

आणि रविवारी? रविवारी यायची नाही. लेक घरात असला की आईला शिवायला सवड कुठली, असं त्यांचं म्हणणं. मला अगदी पटल्यासारखं झालं, म्हणून मीच दचकलो. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्या माणसाच्या हातची पुस्तकं आपल्या घरात आणायची नाहीत." मी तिला हसलो खरा, पण आणली नाहीत.

तुम्ही ओळखलं असेलच, मीही ओळखलं होतं. टाके हे स्वतःच घालत होते. एकटा माणूस, आईच्या शेवटच्या वेळी जवळ नव्हता, मनाला लागून राहिलं असणार. कदाचित झोपेत घालत असतील, कदाचित जागेपणी घालून विसरत असतील. मनाचे असले खेळ पुस्तकांतून मीही वाचले होते. चौकातले शिंपी चाचा एकदा पेपर वाचायला आले असताना या गृहस्थांनी ती गोधडी दाखवायला आणली. चाचांनी उलटीसुलटी करून बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ये तो किसी बूढी अम्मा का हात है, साब." मी म्हटलं, चाचांचाच चष्मा बदलायला झाला असेल.

पण त्या माणसाची खरी काळजी वेगळी होती, आणि ती समजल्यावर मला त्यांची चेष्टा करवेना. गोधडी कडेनं शिवत आत जातात. चौकोनात चौकोन, आणि मध्ये कोरी जागा उरत जाते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती जागा पाटाएवढी होती. मग ताटाएवढी झाली. "हे भरलं की तिचं काम सरलं," ते म्हणाले. "काम सरल्यावर ती कशाला थांबल? म्हणून दुसरी गोधडी धरून द्यायला पाहिजे. तिच्या मनात भरल असा एक तरी नमुना घावला पाहिजे, सर." सकाळी जाताना ते पुस्तक उघडं करून गोधडीवर ठेवायचे. संध्याकाळी ते मिटलेलं असायचं. मिटलेलं म्हणजे नापसंत.

आणि मग त्यांनी काय काय नेलं! शिवणकाम संपलं. दिवाळी अंकांतली भरतकामाची पानं संपली. भूमिती नेली, त्रिकोणांसाठी. विटांच्या बांधकामाचं पुस्तक नेलं. माहूरच्या यात्रेवरचं एक चित्रांचं पुस्तक नेलं, तेही मिटलं. शेवटी मत्स्यपालन नेलं. माशांचे खवले गोधडीवर बरे दिसतील म्हणाले. ते एकच पुस्तक संध्याकाळी उघडं सापडलं. पण खवल्यांचं पान उलटून गेलं होतं. काठोकाठ भरलेल्या तळ्याच्या चित्रावर, पाण्याच्या मधोमध, सुई टोचलेली होती.

पुस्तकाला भोक पाडलेलं मला चालत नाही. मी आवाज चढवायलाच निघालो होतो.

"एवढं पाणी तिनं बघितलंच नव्हतं, सर," ते म्हणाले. ते पुस्तक मी निराळं काढून ठेवलं, आणि का ठेवलं ते कुणाला सांगितलं नाही.

चैत्रात कोरी जागा तळहाताएवढी उरली. आता फक्त ते जाडजूड इंग्रजी पुस्तक राहिलं होतं, शेवटी नेऊ म्हणून यांनी मागं ठेवलेलं, आणि ते आता एका कॉलेजच्या बाईंनी अडकवून ठेवलं होतं. नेमकं तेव्हाच साहेबांनी यांना दप्तर आणायला उस्मानाबादला पाठवलं. जाताना ते खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेले. "पुस्तक आलं की तुम्ही नेऊन ठेवा. आई ओळखती तुम्हाला. रोज तुमचं नाव निघतं." आपल्याला कोण कोण ओळखतं याची मला सहसा फिकीर नसते. त्या दिवशी मात्र मी किल्लीला हात लावायच्या आधी पाणी प्यालो.

पुस्तक दुसऱ्या दिवशी आलं आणि मी जेवण करून निघालो. ती वेळच वाईट. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं लोटलेली, पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि माझी सावली पायाखाली गोळा झाली होती. कुलूप काढलं. आतला गारवा अंगावर आला आणि त्याच्याबरोबर मिश्रीचा वास आला. ते गृहस्थ सुपारीसुद्धा खात नसत. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, कोपऱ्यात माठ होता, आणि जमिनीवर मधोमध गोधडी. तिच्या एका कडेला, कुणी मांडी घालून बसून नुकतंच उठावं तसा दाब होता. मी तो न बघितल्यासारखं केलं. पुस्तक गोधडीवर ठेवलं, माझ्या आवडीचं चांदण्यांचं पान उघडलं आणि पाणी घ्यायला माठाकडं वळलो.

मागं कागद सळसळला. वळून बघितलं तर पुस्तक मिटलेलं होतं, आणि बाजूला सरकवून नीट ठेवलेलं होतं. खिडकी बंद होती. मी मोठ्यानं म्हणालो, "आई, येतो." का म्हणालो, माहीत नाही. कुलपात किल्ली दोनदा उलटी घातली ती उन्हानं, असं मी ठरवलं. चौकात येईपर्यंत मला सगळा उलगडा झाला. नव्या बांधणीचं पुस्तक आपोआप मिटतं आणि गुळगुळीत पुठ्ठा घसरतो. ग्रंथपालाला हे कुणी सांगायला नको.

ते परत आले तेव्हा मी त्यांना बसवून घेतलं. त्या खोलीत माझ्या मनात एक गोष्ट आली होती आणि ती जात नव्हती. म्हटलं, "पुस्तकांत खोट नाही हो. इतकी दाखवलीत, सगळी मिटली. त्यांना दुसरी गोधडी धरायचीच नसेल. दमल्या असतील. ही एवढी पुरी करून तुमच्या अंगावर बघायची असेल."

त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्याकडली पुस्तकं सरली म्हणून तुम्ही असं बोलून राहिले," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. कित्येक दिवस फिरकलेच नाहीत. मी जीभ आवरायला हवी होती असं मला रोज वाटायचं. एरवी मला असं वाटत नाही.

आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. हातात ते इंग्रजी पुस्तक.

"झाली," म्हणाले.

"मग?"

"त्या रातीला घेतली अंगावर. लई जड हाय, सर. असा झोपलो की कचेरीला उशीर झाला. साहेब बोलले." ते हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. "आता दुपारी घरी जाऊन बघितलं. काही न्हाई. वास बी न्हाई."

असल्या वेळी काय बोलावं हे कुठल्याच पुस्तकात नसतं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "आता एक पुस्तक मला द्या. पार पहिल्यापासून शिकवणारं. तिच्यासाठी एक गोधडी करायची हाय. जलमभर दुसऱ्याच्या शिवल्या तिनं, आन् स्वतः पोतं पांघरून निजायची."

मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, आता हे उघडपणे शिवतील आणि मनावरचं ओझं उतरेल. पुस्तकांचे फाटके पुठ्ठे शिवायला माझ्या खणात सुईदोरा असायचाच. तो काढला, कपाटं पुसायचं फडकं पुढं केलं आणि गमतीनं म्हणालो, "दाखवा बघू तुमचा हात."

त्यांनी सुई उलटी धरली. सुलटी करून दिली तर दोरा नेढ्यात जाईना. तोंडात धरून ओला केला, एक डोळा मिटला, कपाळावर घाम आला, तरी जाईना. शेवटी मी ओवून दिला. गाठ मारायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. पहिलाच टाका घातला आणि सगळा दोरा कापडातून निघून हातात आला. दुसऱ्या टाक्याला अंगठ्यात सुई गेली. तिसरा टाका बाजेच्या दोरीसारखा लांबलचक आणि तिरपा पडला. ते सोंग नव्हतं. असं सोंग कुणाला आणता येत नाही. ज्या माणसाला सुई धरता येत नव्हती त्याच्या त्या फडक्याकडं मी बघत राहिलो, आणि भर दुपारी, पंखा बंद असताना, माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

शाळेतल्या मुलींना शिवण शिकवायचं एक पुस्तक मी त्यांना काढून दिलं. त्यानंतर दर रविवारी ते खिडकीजवळच्या बाकावर बसून शिवायचे. वाचनालयात शिवायला मनाई आहे, पण ती मी ग्रंथपाल असताना नव्हती. टाके वाकडेच पडायचे, उसवायचे, पुन्हा घालायचे. मग त्यांची नांदेडला बदली झाली. निरोप द्यायला मी स्टँडवर गेलो. बोचक्यातून ती गोधडी डोकावत होती, अजून जेमतेम दोन कडा झालेल्या.

"या गतीनं कधी पुरी व्हायची?" मी विचारलं.

"हिची घाई करायची न्हाई, सर," ते म्हणाले. "आईनं तिची लई लवकर उरकली."

गाडी सुटली. पुढं त्यांचं पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही. गोधड्यांच्या पुस्तकांचं कपाट मात्र मी निवृत्त होईपर्यंत कुणाला हलवू दिलं नाही. नवीन पुस्तक आलं की आधी मीच ते टेबलावर उघडून ठेवायचो आणि टेबलाकडं पाठ करून थोडा वेळ उभा राहायचो.