टापटीपताईचं इंटरनेट

सारी गल्ली तिला टापटीपताई म्हणे. कपडे शिवायची, आणि घरात एक दोरा लोंबलेला तिला खपत नसे. पण आठवडाभर तिचं शिवणात लक्ष नव्हतं. राउटरचा लाल दिवा काही हिरवा होईना, आणि त्या मेल्या दिव्यापायी तिला लेक दिसेना.

लेक जन्मापासून बहिरी. परगावच्या बेकरीत नोकरीला. नवऱ्याशी भांडून ताईनेच तिला धाडलं होतं. मायलेकी रोज व्हिडिओवर खुणांनी बोलत. मोबाईलच्या रेंजवर घरात चित्र जागचं हलत नसे. आता लेकीचा नुसता मेसेज येई, 'मी मजेत.' एरवी पानभर लिहिणारी पोर! लिहून कोणीही थाप मारेल. हातांनी तिला खोटं बोलता येत नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

कंपनीतली मुलगी फोनवर मंजुळ आवाजात सांगे, "मॅडम, राउटर बंद करून पुन्हा चालू करा."

"अगं बाई, बटण झिजायची वेळ आली! माणूस पाठव."

माणूस येत नसे. 'तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज तेवढा येई. ताईचं डोकं फिरे. मशीनवर बसे, उठे, दिवा बघे, पुन्हा बसे. एका ब्लाउजच्या बाह्या उलट्या लावून मोकळी झाली.

"मजेत म्हणतेय ना ती? कशाला जीव टांगणीला लावतेस?" नवरा म्हणाला. ताईने पुन्हा कंपनीला फोन लावला.

शेवटी कंपनीचा माणूस उगवला. वायर चाचपत शिलाई मशीनमागे गेला आणि थबकला.

"ताई, हे कोणी केलं?"

जास्तीची वायर चपट्या घड्या घालून दोऱ्याने करकचून बांधलेली होती.

"मीच. लोंबत होती."

"आत काचेची तार असते हो. अशी दुमडली की मोडते."

ताईचा चेहरा पडला. "तरी तुम्ही आधी यायला हवं होतं," ती पुटपुटली.

त्याने मोडका तुकडा काढून वायर जोडली. दिवा हिरवा झाला. तो दाराबाहेर पडायच्या आत ताईने व्हिडिओ लावला.

लेक दिसली, हसली. हात मात्र टेबलाखाली. कशी आहेस विचारलं, तर नुसती मान डोलावली.

'हात दाखव,' ताईने खूण केली.

लेक इकडेतिकडे बघू लागली. मग उजवा हात हळूच वर आला. बोटांपासून कोपरापर्यंत बँडेज. भट्टीवर भाजला होता.

ताईचे हात सुटलेच. कधी? कसं? कळवलं का नाहीस? आत्ताच्या आत्ता घरी ये!

लेकीने डावा हात उचलला आणि एकट्या हाताने अडखळत म्हणाली, 'आई, ओरडू नकोस. एका हाताने मला तुझ्याशी भांडता येत नाही.'

ताईने आपला उजवा हात पाठीमागे घेतला, आणि डाव्याने विचारलं, 'दुखतंय का गं?'