भिंतीतला गूळ

आमच्या धाकट्या दिरांना गोडीनं सांगितलेली गोष्ट कधी पटलेली नाही. पण त्यांच्यासमोर एखादं काम मुद्दाम चुकीचं करा, मग बघा कसे धावून येतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ओळखून आहे, आणि गेल्या वर्षी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं आमचं घर त्याच जोरावर वाचलं.

घर दोघा भावांच्या नावावर. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, आणि माडीला रस्त्याच्या अंगानं नक्षीची लाकडी खिडकी. दीर गुळाचे व्यापारी, कळंब्याला बंगला बांधून राहतात. त्यांनी बिल्डर गाठला होता. घर पाडायचं आणि फ्लॅट उठवायचे. आमचे हे भावाला जन्मात कधी नाही म्हणालेले नाहीत. दिरांनी कागद पुढं केला असता तर ह्यांनी मुकाट सही ठोकली असती, आणि मी भांडीकुंडी घेऊन उचगावात भाड्याची खोली शोधत फिरले असते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दिरांचं म्हणणं, पुढची भिंत पडायला आलीय. ते खोटं नव्हतं. सासऱ्यांनी हौसेनं तिच्यावर सिमेंट चढवलेलं. आत ओल कोंडली आणि भिंत पोपडे टाकायला लागली. मग जुन्या घरांची दुरुस्ती करणारी एक इंजिनिअर पोरगी मी शोधून आणली. ती म्हणाली, सिमेंट खरवडून काढा आणि चुन्याचा गिलावा करा, चुन्यात हिरड्याचं पाणी आणि थोडासा गूळ. गूळ म्हटल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मॉलमधून खोक्यातली गूळ पावडर आणली आणि दिरांना फोन लावला.

"भावजी, आपल्या भिंतीला गूळ लागतोय. मी आणलाय बरं का, खोक्यातला. तुम्ही उगा त्रास घेऊ नका."

चहाला उकळी फुटायच्या आत स्कूटर दारात.

"वैनी, डोकंबिकं फिरलंय काय?" त्यांनी बोटावर घेऊन चाटलं आणि मोरीत जाऊन थुंकले. "ह्यो गूळ न्हाय, भुकटी हाय. माझ्या घराला असला गूळ लावतासा व्हय?"

माझ्या घराला, म्हणाले. हसू लपवायला मी पदर तोंडाला लावला आणि आत पळाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गुऱ्हाळावर जाऊन पिवळीधमक ढेप घेऊन आले. पोरगीनं बेतानं गूळ घातला. दिरांना ते बघवेना. "गुऱ्हाळावर आलेल्या पावण्याला आपण चिमटीनं गूळ देतो व्हय?" असं पुटपुटत, ती जेवायला गेल्यावर त्यांनी उरलेली अख्खी ढेप चुन्यात विरघळवली. कोल्हापूरचा हात तो, वाढताना आखडायचा कसा?

गिलावा काही वाळेना. बोट लावलं की चिकटायचा. आणि पेठेतले झाडून सगळे मुंगळे आमच्या भिंतीवर. तालमीतनं परतणारी माणसं विचारायची, "काकू, भिंत नुसतीच खायची का चपातीसंगं?" मी हसून उत्तरं देत होते, पण भिंत आधीपेक्षा वाईट झाली होती आणि ती करामत माझीच होती.

नेमका त्याच आठवड्यात बिल्डर टेप घेऊन आला. दीरही होते. त्यानं भिंतीला बोट लावलं, मुंगळा झटकला आणि खो खो हसला.

"मालक, भिंतीला मुंग्या लागल्यात. आता काय राम ऱ्हायला न्हाय ह्या घरात."

दिरांनी पण भिंतीला बोट लावून बघितलं. आता संपलं, असं मला वाटलं. आमच्या ह्यांनी तर मान खालीच घातली.

"मुंग्या लागल्यात," दीर सावकाश म्हणाले, "कारण गूळ अस्सल हाय. तुमच्या सिमेंटला एक तरी लागती का बघा. टेप गुंडाळा, पावणं."

तो गेल्यावर त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो सगळा गिलावा स्वतः खरवडून काढला. नवा चुना मळताना पोरगीनं सांगितला तेवढाच गूळ घातला, तोही तोंड वाकडं करून. ही भिंत मात्र खणखणीत वाळली.

काम संपल्यावर मी आणि दीर ओट्यावर चहा घेत बसलो होतो. मला काही राहवेना.

"भावजी, तो खोक्यातला गूळ मी मुद्दाम आणलेला."

"म्हाईत हाय की. कोल्हापूरची बाई चुकून तरी असला गूळ आणंल व्हय?"

"मग आलात कशाला?"

त्यांनी चहावर फुंकर घातली. "बंगल्यात गेल्यापासनं ह्या घराचं एक काम कुणी सांगितलं न्हाय मला. आलो की चहा देतासा, जाताना परत या म्हणतासा. परक्याला म्हणतात तसं."

मला एकदम भरून आलं. रडले असते तर त्यांनी जन्मभर चिडवलं असतं. म्हणून आवाज चढवला आणि म्हटलं, इथं नोकर नाहीत, आपला कप आपण विसळायचा. ते उठले, आमच्या दोघांचेही कप उचलले आणि मोरीकडं गेले.