देशी घोड्याची उडी

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता आणि मी नामांतरवाद्यांच्या मोर्चात असतो हे आमच्या परभणीच्या बुद्धिबळ क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सांघिक सामन्याला मला नेलं, कारण चौथ्या पटावर बसायला दुसरं कुणी मिळेना. "हरलास तर पुढच्या वेळी तुझं कठीण हाय," असं कॅप्टननं जिंतूरच्या एसटीतच सुनावलं.

पांढरे मोहरे माझ्याकडे. समोर जिंतूरचे एक अडते. बाकीचे तीन डाव संपले, दोन्ही संघांचे गुण सारखे, आणि सगळे माझ्या पटाभोवती जमले. माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं. मी वजीर मागितला.

"वजीर कसा?" अडते म्हणाले. "घोड्याच्या पट्टीतलं प्यादं हाय. घोडाच घे. आपल्याकडं असंच चालतं."

माझ्या अंगाची लाही झाली. प्यादं ज्या पट्टीत पोचेल तिथलंच मोहरं घ्यायचं, हा देशी खेळाचा नियम; सकाळपासून मात्र चारही पटांवर छापील नियमांनी खेळ चालला होता, आणि त्यांत हवं ते मोहरं मागता येतं. याच गृहस्थांनी पहिल्या चालीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं होतं. देशी खेळात ते एकच घर चालतं. कॅप्टनला अहो-जाहो आणि मला अरे-तुरे, तेही मी सकाळपासून गिळत होतो. मी पंचांकडे पाहिलं.

"घ्या घोडा, वाद नको," पंच म्हणाले.

कॅप्टन पंख्याकडे बघत बसले. मी आवाज चढवला असता तर हा इथंही मोर्चा काढतो, असंच सगळे म्हणाले असते.

"ठीक हाय," मी म्हणालो. "देशी तर सगळंच देशी. पट्टीत घोडा झाला की त्याला लगेच एक उडी मिळते. आमच्या वस्तीत आमी असंच खेळतो. तुमच्याकडं मिळते का न्हाई?"

"मिळते की," मागे उभे असलेले त्यांच्याच गावचे एक म्हातारबा बोलून गेले.

अडत्यांचा चेहरा पडला. मला वजीर मिळू द्यायचा नाही, एवढ्या नादात ते उडी विसरले होते. मी घोडा उडवला. राजाला शह, आणि त्याच घोड्याच्या तोंडी त्यांचा वजीर. पुढच्या काही चालींत त्यांनी डाव सोडला.

स्टँडवर कॅप्टननं माझी पाठ थोपटली. "त्यांच्याच नियमानं त्यांना हाणलंस. लय मजा आली!"

"मजा तुमाला आली. वजिरानंबी जिंकलो असतो. तवा तुमी तोंड का उघडलं न्हाई?"

त्यांनी हात काढून घेतला. परतीच्या गाडीत कॅप्टन आणि संघातले बाकीचे दोघं पुढच्या दोन जणांच्या एकाच बाकावर दाटीवाटीनं बसले. माझ्या शेजारची जागा परभणीपर्यंत रिकामी होती.