पाटीवरची बी.एस्सी.
गणपतीआधी दाराला रंग देताना त्या वासाने मला एक संध्याकाळ आठवते. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायची, चिकाने तिची बोटं सोलवटायची. बाबा दुसऱ्याच्या आंब्यांवर राखणीला. घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून बाबांनी रत्नागिरीहून दारावरची पाटी रंगवून आणली: माझं नाव, पुढे बी.एस्सी. पाटीचा रंग ओला असतानाच मी कमिटर झालो. जगभरचे लोक मिळून लिहितात अशा एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये थेट बदल करायचा अधिकार मला मिळाला. नव्या कमिटरने पहिलं काम म्हणून तिथल्या कमिटरांच्या यादीच्या पानावर आपलं नाव घालायचं असतं. बाबा मागे उभे. “बी.एस्सी. लिव हां. फुकट नाय झालास.” मी लिहिलं. लगेच माझा कोड तपासणाऱ्या परदेशी बाईंनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, “अभिनंदन! इथे नुसतं नाव लिहितात. मी तर कॉलेज अर्ध्यावर सोडलंय.” माझे कान तापले. “काय म्हणतायत?” बाबांनी विचारलं. “अभिनंदन म्हणतायत,” म्हणत मी त्यांच्यादेखत पदवी पुसली. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही याचं तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्याचीच लाज अजून जात नाही. यंदा पाटी मी स्वतः रंगवली, बी.एस्सी.सकट. त्या पानावर नुसतं नाव आहे, आणि मी आजही तिथे कमिटर आहे.